झाकणावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. अख्खी फिल्मसुद्धा नाही, पाच भागांच्या एका मूकपटाचा तिसरा भाग. लांबी तीनशे मीटर आणि पडद्यावरचं आयुष्य तेरा मिनिटांचं. गोष्ट कशी सुरू झाली ते मला माहीत नाही, कशी संपली तेही नाही. मधल्या भावंडाला घरात जेवढं सांगतात तेवढंच मला ठाऊक आहे. पण जेवढं पाहिलं ते मी नीट पाहिलं आहे, आणि आता नव्वदी ओलांडल्यावर त्यात पदरचं काही घालायची हौस उरलेली नाही.

माझा जन्म कापसापासून आणि कापरापासून झाला. कापूर म्हणजे तोच, तुमच्या आरतीच्या तबकातला. त्या काळी तो जपानच्या ताब्यातल्या एका बेटावरून जहाजाने अमेरिकेला जाई. तिथल्या कारखान्यात तो कापसात मुरवत आणि त्याच्या पारदर्शक पट्ट्या काढत. त्यांवर चांदीचा पातळ थर चढला की फिल्म तयार. अंगात चांदी आहे म्हणून मी थोडी मिरवते, आणि कापूर आहे म्हणून लोक मला भितात. एकदा पेटले की मी पाण्याखालीही विझत नाही. हा स्वभाव काही मी निवडलेला नाही.

माझ्या अंगावर जिची छबी आहे तिचं नाव लोरेना ड्रेटन. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे ते हरवणार आहे.

लोरेना कृष्णवर्णीय होती. त्या काळच्या मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या चित्रपटांत काळ्या बायकांना साधारण एकच काम मिळे. दार उघडायचं, पाहुण्याची टोपी घ्यायची आणि बाजूला व्हायचं. काळ्या बाईची जरा मोठी भूमिका निघाली, तर गोरी नटी तोंडाला काजळी फासून ती करायची. लोरेनाने अशी अकरा दारं उघडली. नामावलीत तिचं नाव एकदाही आलं नाही. मग शिकागोच्या काळ्या वस्तीतल्या चौघांनी मिळून एका बंद पडलेल्या तबेल्यात स्वतःची कंपनी काढली आणि नायिका म्हणून तिला बोलावलं.

कंपनी एवढी लहान, की नायिका सकाळी अभिनय करी आणि दुपारी टेबलाशी बसून फिल्म जोडी. मला तिनेच जोडलं. जोडता जोडता ती शेजारच्या बाईला त्या अकरा दारांच्या गोष्टी सांगून हसवत असे, म्हणून मला हे ठाऊक. तिच्या अंगठ्याला डिंक लागलेला होता. त्याचा ठसा माझ्या कडेवर अजून आहे.

माझ्यात ती खेड्यातली शिक्षिका आहे. ती घरोघर फिरते, शेतात राबणारी मुलं गोळा करते आणि त्यांना घेऊन शाळेपाशी येते. गावच्या पुढाऱ्याने शाळेला कडी घातलेली असते. माझ्या शेवटच्या चौकटीत लोरेना त्या कडीला हात लावते. दार उघडलं का, ते चौथ्या भागाला माहीत.

जपानला मी आले ती जहाजावरच्या एझ्रा नावाच्या आचाऱ्याबरोबर. तोही शिकागोचाच, काळाच. पाची डबे त्याने खलाशांना दाखवायला म्हणून घेतले होते. योकोहामाला जहाज आठवडाभर थांबलं, तेव्हा बंदराजवळच्या एका थिएटरात त्याने आम्हाला लावायला दिलं. त्या शहरात नुकताच मोठा भूकंप होऊन गेला होता आणि थिएटर म्हणजे नवे पत्रे ठोकून उभारलेला मांडव होता.

इथे एक रीत सांगायला हवी. जपानमध्ये मूकपट मुका नसे. पडद्याच्या बाजूला एक माणूस उभा राहून सगळी गोष्ट आवाजात सांगे. नायिकेचं रडणं, खलनायकाचं खोकणं, पाऊस, वारा, सगळं त्याचंच. त्याला बेनशी म्हणत. लोक नटांपेक्षा बेनशीचं नाव वाचून तिकीट काढत. आमच्या थिएटरचा बेनशी मुराता तोमेकिची. आवाज भरदार, आणि खेळ सुरू करताना टेबलावर तळहात मारायची सवय.

तोमेकिचीला इंग्रजी जेमतेम यायचं. फिल्म त्याने एकदाच घाईत पाहिली होती. आजवर पाहिलेल्या प्रत्येक विलायती चित्रपटात काळी बाई मोलकरीणच होती, त्यामुळे त्याने बिनदिक्कत सांगायला सुरुवात केली. ही मोलकरीण, हिच्या मालकिणीची मुलं हरवली आहेत आणि ती त्यांना घरोघर शोधते आहे. वर बावळट आवाज काढून त्याने लोकांना पोट धरून हसवलं.

एझ्रा मागे उभा होता. त्याला जपानी कळत नव्हतं, पण हसू कळत होतं. खेळ संपल्यावर तो पुढे आला. त्याने तिसरा डबा, म्हणजे मला, पुन्हा यंत्रावर चढवायला लावलं आणि पडद्यावर लोरेनाच्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "टीचर." हा शब्द तोमेकिचीला येत होता. त्याचे कान लाल झाले. त्याने तिचं नाव विचारलं. एझ्राने ते तीनदा सावकाश म्हटलं, आणि तोमेकिचीने पांढऱ्या रंगाने आपल्या लिपीत ते माझ्या झाकणावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून तो टेबलावर हात मारून सगळ्यांत आधी एवढंच म्हणे: "आजच्या खेळाची नायिका, शिकागो शहराची अभिनेत्री, मिस लोरेना ड्रेटन. ती कुणाची मोलकरीण नाही. ती शिक्षिका आहे. नीट बघा." मग गोष्ट सुरू होई. एझ्रा आम्हाला तिथेच ठेवून जहाजाबरोबर गेला. तोमेकिचीने मात्र ते वाक्य पुढची दहा वर्षं एकाही खेळात गाळलं नाही. चूक एका दिवसाची होती, पण तो ती रोज दुरुस्त करत राहिला.

पुढे बोलपट आले. पडदाच बोलू लागल्यावर बेनशीला कोण विचारणार? तोमेकिची टोकियोजवळच्या इचिकावातल्या एका नाशपातीच्या बागायतदाराकडे घरजावई होता, तो आता पूर्णवेळ बागेत काम करू लागला. माझी चार भावंडं तोवर पांगली होती. दोन एका थिएटरच्या आगीत गेली, एक कुणी मागून नेऊन परत दिलं नाही, आणि एकाचे म्हणे वितळवून कंगवे केले. मला त्याने बागेतल्या मातीच्या कोठीत, फळांच्या खोक्यांमागे ठेवलं. कोठी थंड होती, म्हणून मी टिकले. युद्ध झालं, तोमेकिची गेला, बाग विकली गेली, तिथे इमारती आल्या. कोठी तेवढी उरली आणि कोठीशेजारी त्याची मुलगी, मुराता-सान, म्हणजे मुराताबाई. जवळजवळ ऐंशी वर्षं कुणी माझं झाकण उघडलं नाही. माझी तक्रार नाही. झाकण बंद असणं हेच माझं औषध आहे.

अकरा मार्च दोन हजार अकराच्या दुपारी कोठीची भिंत फुटली. मी फळीवरून खाली पडले, डबा तिरपा होऊन झाकण जरा सरकलं, आणि इतक्या वर्षांनी मला उजेड दिसला. त्या उजेडात पहिलं माणूस दिसलं ते शैलजा.

शैलजा आणि तिचा नवरा विनय शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. विनय टोकियोच्या कोतो भागातल्या एका संस्थेत संशोधक होता. भूकंपाच्या दिवशी गाड्या बंद पडल्या तेव्हा तो नदी ओलांडून चालत घरी आला होता. पुण्याहून दोघांचे आईवडील रोज फोन करून परत या म्हणत. शैलजाला जपानमध्ये येऊन पाच महिने झाले होते. तिला दहा वाक्यं बोलता येत आणि अक्षर एकही वाचता येत नसे. पण मुराता-सान एकट्या आहेत हे तिला समजत होतं, म्हणून ती रोज रबरी हातमोजे घालून कोठी आवरायला येई.

मुराता-सान अंगणात खुर्चीवर पांघरूण घेऊन बसलेल्या असत. शैलजा एकेक वस्तू उचलून दाखवी. "मुराता-सान, हे?" त्या बघतही नसत. म्हणत, "टाका."

आता टाकणं ही जपानमध्ये साधी गोष्ट नाही. जळणारा कचरा, न जळणारा, बाटल्या, धातू, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा. नवीन असताना शैलजाने एकदा चहापत्तीचा पत्र्याचा डबा ओल्या कचऱ्यात टाकला होता. दुसऱ्या दिवशी ती पिशवी लाल चिठ्ठी चिकटवून तशीच दारासमोर पडलेली, सगळ्या इमारतीने पाहिलेली. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. तेव्हापासून तिने चित्रांचा तक्ता फ्रिजवर लावला होता आणि कचऱ्याच्या बाबतीत ती इमारतीतल्या जपानी बायकांच्याही वरताण झाली होती.

माझा डबा तिच्या हाती आला. मुराता-सान म्हणाल्या, "टाका." शैलजाने मला बाहेर काढलं. डबा धातूचा, म्हणजे मंगळवार. नियमाप्रमाणे तिने तो साबणाने धुतला, गंज घासला, झाकण पुसून लख्ख केलं. पांढरी अक्षरं उठून दिसली. तिला वाटलं, बिस्किटाच्या कंपनीचं नाव असेल. मंगळवारी सकाळी आठच्या आत तिने डबा आणि झाकण धातूच्या पिशवीत बाहेर ठेवलं. भूकंप झाला म्हणून कचऱ्याची गाडी काही चुकली नाही. लोरेना ड्रेटन हे नाव सव्वाआठ वाजता गेलं.

आणि मी? मी तक्त्यात नव्हते. प्लास्टिक म्हणावं तर तसं नाही, कागद नाही, काच नाही. शैलजाने तक्ता दोनदा वरून खाली पाहिला आणि कुठल्याच रकान्यात बसत नाही म्हणून मला वर्तमानपत्रात गुंडाळून नाशपातीच्या खोक्यात घातलं. कुणाला तरी विचारू, म्हणाली. त्याच आठवड्यात मुराता-सानच्या मुलाने त्यांना आपल्याकडे कावासाकीला नेलं. विचारायचं राहून गेलं. नाव लिहिलेलं होतं ते गेलं, आणि ज्याला नाव नव्हतं ते वाचलं. मला त्यात आनंद मानता आला नाही.

तीन वर्षं मी त्यांच्या घरात चपलांच्या कपाटाखाली होते. शैलजा कोपऱ्यावरच्या दुकानात अर्धवेळ काम करू लागली आणि तिथे चॉकलेटच्या नि शाम्पूच्या पाकिटांवरची नावं वाचता वाचता अक्षरं शिकली. माझ्या खोक्याला मात्र हात लागला नाही. मला उबारा सोसत नाही. मला वास येऊ लागला.

त्या वर्षीच्या दिवाळीत फराळाला त्यांची मैत्रीण सुप्रभा आली. ती कावासाकीच्या एका प्रयोगशाळेत प्लास्टिक कसं कुजतं यावर संशोधन करायची. दारातच थांबली.

"शैलजाताई, इथे वास कसला येतोय?"

"अगं, विनयचे मोजे असतील."

"मी इथेच बसलोय," आतून विनय म्हणाला.

सुप्रभाने खोकं ओढलं, कागद उलगडला आणि हातातली चकली हळूच बाजूला ठेवली. "ताई, हे नायट्रेट आहे. जुनी सिनेमाची फिल्म. तुम्ही हे घरात ठेवलंत? उन्हाळ्यात पेटलं असतं तर अख्खा मजला गेला असता."

मग तिने मला विजेच्या दिव्यासमोर धरलं. एक चौकट, दुसरी, तिसरी. शैलजाही तिच्या खांद्यावरून बघत होती. मी ऐंशी वर्षांत प्रथमच कुणाला काही दाखवत होते.

"कोण आहे गं ही?" शैलजाने विचारलं.

"काय माहीत. डब्यावर काही लिहिलं होतं का?"

शैलजा म्हणाली, "झाकणावर होतं. मी ते घासून-पुसून कचऱ्यात टाकलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं."

दुसऱ्याच दिवशी सुप्रभाने मला प्रयोगशाळेच्या थंड कपाटात नेलं. पण तिथे माझ्यासारखा ज्वालाग्राही माल तीस दिवसांपलीकडे ठेवायचा नियम नव्हता. जुन्या फिल्म जपणाऱ्या एका संग्रहालयाला तिने लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. चित्रपटाचं किंवा नटीचं नाव कळलं तर ताबडतोब प्रत काढू; नाहीतर अनोळखी तुकड्यांची रांग मोठी आहे. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर शीत कुठल्या पातेल्यातलं तेवढं तरी कळायला हवं. म्हणजे तीस दिवसांत नाव, नाहीतर नष्ट करणाऱ्यांची गाडी.

विनय म्हणाला, "तू मुद्दाम केलंस का? सोड ना आता."

"मुद्दाम केलं असतं तर सोडलं असतं," शैलजा म्हणाली.

तिने मुराता-सानचा पत्ता शोधला. त्या कावासाकीच्या एका वृद्धाश्रमात होत्या. शैलजाची गुरुवारी सुट्टी असे, त्या दिवशी ती इचिकावाहून गाड्या बदलत तिथे जाऊ लागली. येताना सुप्रभाकडे थांबे आणि काय झालं ते सांगे. मी कपाटातून ऐकत असे.

पहिल्या गुरुवारी मुराता-सानांनी तिला ओळखलंच नाही. डब्याचं विचारल्यावर म्हणाल्या, त्यात तांदळाच्या चकत्या असायच्या, ओल लागून मऊ पडल्या.

दुसऱ्या गुरुवारी शैलजाने कमरेत वाकून कबुली दिली. "मुराता-सान, मला माफ करा. तुमच्या वडिलांच्या डब्याचं झाकण मी कचऱ्यात टाकलं."

मुराता-सानांनी थोडा विचार केला. "कुठल्या वारी टाकलंत?"

"मंगळवारी. धातूच्या."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

हे सांगताना शैलजा हसली, आणि हसता हसताच तिने डोळ्यांना पदर लावावा तशी ओढणी लावली. सुप्रभाने माझी एक चौकट मोठी करून कागदावर छापली आणि तिला दिली. लोरेना कडीला हात लावते ती.

तिसरा गुरुवार सव्विसावा दिवस होता. त्या संध्याकाळी शैलजा आली ती खुर्चीवर न बसताच बोलू लागली. मुराता-सानांनी फोटो हातात घेतला, चष्मा काढून डोळ्यांजवळ नेला, मग ताठ बसल्या. "फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं म्हणून बरं," शैलजा म्हणाली. "ऐक."

फोनमधून आधी कपबशांचे आवाज आले. मग लाकडावर तळहात मारल्याचा आवाज. आणि मग एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्यातून तोमेकिचीचा आवाज निघाला. तीच लय, त्याच जागी थांबणं. घरी आंघोळीच्या टबात बसून तो ते वाक्य म्हणत असणार आणि दाराशी ही लहान मुलगी ऐकत असणार. आता काय जेवल्या ते त्यांच्या लक्षात राहत नव्हतं, पण हे राहिलं होतं.

"आजच्या खेळाची नायिका, शिकागो शहराची अभिनेत्री, मिस लोरेना ड्रेटन. ती कुणाची मोलकरीण नाही. ती शिक्षिका आहे. नीट बघा."

मित्रांनो, मी तशी कोरडी आहे, ओलावा मला घातकच. पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हे सांगायला हरकत नाही.

नाव मिळाल्यावर बाकीचं संग्रहालयाने शोधलं. शिकागोच्या काळ्या लोकांच्या एका जुन्या वर्तमानपत्रात जाहिराती सापडल्या. त्या छोट्या कंपनीने लोरेनाचे नऊ चित्रपट काढले होते. बोलपट आल्यावर कंपनी बुडाली आणि लोरेना पुन्हा मोठ्या कंपन्यांकडे गेली. बोलपटात तिला एक वाक्य मिळालं, "बाईसाहेब घरी नाहीत." ते म्हणून तिने बारावं दार उघडलं. त्यानंतर तिची बातमी नाही. नऊ चित्रपटांतलं आज हाती आहे ते एवढंच, माझी तेरा मिनिटं.

माझी प्रत निघाली. मुराता-सानांना ती वृद्धाश्रमातल्या भिंतीवर दाखवली. शैलजा सांगते, त्या सगळा वेळ झोपल्या होत्या. दोन महिन्यांनी त्या गेल्या.

मी आता एका थंड कोठीत असते. मला नवा डबा मिळाला आहे, न गंजणारा. झाकणावर नाव कुणी लिहायचं हा प्रश्न आला तेव्हा सुप्रभाने शैलजाला पुढे केलं. शैलजाने आधी जपानी अक्षरांत लिहिलं, एकेक वळण जपून. मग रोमन अक्षरांत. मग खाली देवनागरीत.

संग्रहालयातल्या गृहस्थांनी विचारलं, "ही तिसरी लिपी इथे कोण वाचणार?"

"माझ्यासारखी कुणी आली तर?" शैलजा म्हणाली.

जुनं सगळं जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. सगळंच जपलं तर माणसांनी राहायचं कुठे? टाका, वार पाहून टाका. पण पिशवीत घालण्याआधी एकदा वाचा. वाचता येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारा, आणि तो सांगेपर्यंत थांबा. मी अंधारात आहे आणि माझ्या शेवटच्या चौकटीत तिचा हात अजून कडीवरच आहे. बाहेर झाकणावर काय लिहिलं आहे, ते आता तुम्हाला माहीत आहे.